नखाखालच्या गाठीत हाड दिसले म्हणजे तो हाडाचाच कर्करोग असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळा तीळ येतो. वर्तमानपत्रांतून येणारी माहितीही साधारण तिथेच थांबते: तीळ वाढला, रंग बदलला, रक्त आले तर डॉक्टरांना दाखवा. सल्ला योग्यच आहे. पण याच कर्करोगाचा एक अतिशय विरळ प्रकार असा आहे की त्यात बहुधा काळा रंग नसतो, तीळही नसतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्क हाड किंवा कूर्चा तयार होताना दिसते. मग रिपोर्टवर ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) किंवा कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कर्करोग) असे लिहिले जाते. त्याहून वाईट म्हणजे कधी ‘जुन्या फ्रॅक्चरभोवतीची हाडाची वाढ’ असे लिहून प्रकरण मिटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की नख, तळहात, तळपाय किंवा नाक-तोंडाचे अस्तर इथल्या गाठीत हाड वा कूर्चा सापडली तर मेलॅनोमा नाही याची खात्री करूनच तिला हाडाची गाठ म्हणावे. ही खात्री करण्याचे काम गाठीचा तुकडा हाडातला चुना काढून तो मऊ करणाऱ्या अ‍ॅसिडमध्ये पडण्याआधीच सुरू झाले पाहिजे.

या जागाच का, हा प्रश्न रास्त आहे. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी गर्भावस्थेत चेतापेशींच्या मूळ पट्टीलगतच्या कडेपासून, म्हणजे न्यूरल क्रेस्टपासून निघतात. चेहऱ्याची बरीचशी हाडे आणि कूर्चाही त्याच कडेच्या पेशींपासून घडतात. त्यामुळे बिघडलेल्या मेलॅनोसाइटने हाड किंवा कूर्चा तयार करणे अगदीच अतर्क्य नाही. वैद्यकीय वाङ्मयात १९८० च्या दशकापासून अशा मोजक्या गाठींची वर्णने येत आहेत. त्यांतल्या बऱ्याच बोटांच्या टोकांना, विशेषतः नखाखाली, आणि काही श्लेष्मल अस्तरात सापडलेल्या आहेत. उलट बाजूनेही विचार करावा. खरा ऑस्टिओसार्कोमा गुडघ्याजवळच्या लांब हाडांत नेहमीचा आहे, बोटांच्या इवल्याशा हाडांत तो फारच विरळ. म्हणजे नखाखाली ऑस्टिओसार्कोमा असे लिहिताना आपण एका विरळ निदानाऐवजी दुसरे विरळ निदान निवडत असतो, याचे भान हवे.

चुकीची सुरुवात पुष्कळदा बाह्यरुग्ण विभागातच होते. रुग्ण सांगतो की अंगठ्याला मार लागला होता, तेव्हापासून गाठ आहे. मार लागणे ही रोजची गोष्ट, त्यामुळे ती आठवतेही लगेच आणि पटतेही लगेच. एक्स-रेमध्ये नखाखालच्या मऊ भागात चुन्याचे ठिपके दिसतात आणि चिठ्ठीवर लिहिले जाते: एक्सॉस्टोसिस, म्हणजे हाडाची निरुपद्रवी वाढ. खरी नखाखालची एक्सॉस्टोसिस बहुधा तरुणांत, पायाच्या अंगठ्यावर होते, टोकाच्या हाडाला चिकटलेली असते आणि तिच्या माथ्यावर कूर्चेची टोपी असते. वय पन्नाशीपुढचे, हाडाचा पृष्ठभाग बाहेरून कुरतडलेला, चुन्याचे ठिपके हाडापासून सुटे आणि वरची त्वचा फाटून ओलसर झालेली, असे चित्र असेल तर एक्सॉस्टोसिस हा शब्द लिहू नये. रंग नाही म्हणून मेलॅनोमा नाही, हेही इथे चालत नाही. नखाखालच्या मेलॅनोमांपैकी मोठा वाटा रंगहीन असतो. रंग असलाच तर तो नखाच्या कडेच्या त्वचेवर पसरलेला आहे का, नखात ३ मिलीमीटर किंवा त्याहून रुंद तपकिरी पट्टा आहे का, हे उजेडात नीट पाहावे. तळपायाची किंवा नखाजवळची जखम दोन महिन्यांत भरत नसेल तर मलम बदलत बसण्यापेक्षा बायोप्सी करावी.

बायोप्सी कशी घेतली यावर पुढचे सगळे ठरते. मधली टणक गाठ चमच्याने खरवडून पाठवली की पॅथॉलॉजिस्टच्या हाती येतात हाडाचे आणि कूर्चेचे सुटे तुकडे. वरची त्वचा त्यात नसते, आणि मेलॅनोमाचा सर्वांत भक्कम पुरावा तर त्या त्वचेतच असतो. जाड सुईने किंवा बारीक सुईने नमुना घेतला तरी हीच अडचण, कारण सुई नेमकी कूर्चेच्या भागात गेली तर उरलेली गाठ काय आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणून नखाचा पत्रा गरजेपुरता उचलून, गाठीच्या काठावरची दिसायला शाबूत त्वचा, गाठीचा मऊ भाग आणि खोलवरचा भाग असा सलग तुकडा घ्यावा. नखाचे मूळ गाठीत सामील वाटत असेल तर तेही त्यात यायला हवे. काढलेला नखाचा पत्रा टाकून देऊ नये, वेगळ्या डबीत नाव घालून पाठवावा. कधी कधी रंगाचा एकमेव अंश त्यातच सापडतो. अर्जावर एक्स-रे काय सांगतो, आधी कुठे तीळ किंवा बोट काढले होते का, काखेत वा जांघेत गाठी लागतात का, या तीन ओळी लिहायला दोन मिनिटे लागत नाहीत. जांघेतल्या गाठींचा उल्लेख तर फार मोलाचा. हाडाचे आणि कूर्चेचे सार्कोमा बहुधा रक्तातून फुफ्फुसात जातात, लसीका ग्रंथीत क्वचितच. ग्रंथी मोठी असेल तर निदान दुसरीकडे शोधायला हवे.

आता प्रयोगशाळेतला सर्वांत मोठा घोळ. टणक नमुना आला की तो अख्खाच्या अख्खा चुना काढण्याच्या द्रावणात टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड काम लवकर उरकते, म्हणून ते लाडके. पण ते डीएनए आणि आरएनएची मोडतोड करते आणि पेशी ओळखण्यासाठी कापावर लावल्या जाणाऱ्या अनेक अँटिबॉडींची पकड ढिली करते. नंतर सॉक्स-१० (मेलॅनोमा ओळखायला मदत करणारी प्रथिनाची खूण) निगेटिव्ह आला, तर तो गाठीचा गुण की अ‍ॅसिडचा प्रताप, हे सांगता येत नाही. बरे, हे टाळणे अवघड नाही. नमुना आधी दसपट आकारमानाच्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पुरता मुरू द्यावा. मग ब्लेडने जे जे कापता येते ते कापून घ्यावे: काठावरची त्वचा, नखाखालचे मऊ अस्तर, गाठीचा मांसल भाग. हे सगळे अ‍ॅसिडला न लावता नेहमीच्या मेणाच्या ब्लॉकमध्ये जावे आणि त्या ब्लॉकांवर ‘चुना न काढलेला’ अशी ठळक खूण असावी. गाठ लहान असेल तर सगळीच बसवावी. मोठी असेल तर निदान दर सेंटिमीटरला एक ब्लॉक. ब्लेडला दाद न देणारे हाड करवतीने ३ ते ५ मिलीमीटरच्या चकत्यांत कापावे आणि १० ते १४ टक्के ईडीटीए (चुना सावकाश ओढून घेणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात, सामू ७ ते ७.४ ठेवून, दर एक-दोन दिवसांनी द्रावण बदलत मऊ करावे. त्याला दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. घाईच असेल तर फॉर्मिक अ‍ॅसिड त्यातल्या त्यात सौम्य, पण रोज तपासून, मऊ होताच नमुना बाहेर काढण्याच्या अटीवर. शुक्रवारी संध्याकाळी अ‍ॅसिडमध्ये टाकलेला नमुना सोमवारी सकाळी काढणारी प्रयोगशाळा आपल्याच निदानाच्या मुळावर येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली ‘हाड आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणते हाड ते पाहिले पाहिजे. बोटाच्या टोकाच्या गाठीत हाड तीन निरनिराळ्या वाटांनी येऊ शकते. गाठीने बोटाचे मूळ हाड कुरतडले असेल तर त्याचे अवशेष गाठीत विखुरलेले दिसतात. ते पक्के, पापुद्र्यांचे हाड असते, ध्रुवित प्रकाशात समांतर रेघा स्पष्ट उमटतात. दुसरे म्हणजे गाठीच्या चिडचिडीने भोवती तयार झालेले नवे हाड. ते विणीचे असते, पण त्याच्या कडेने साध्या, निरुपद्रवी ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घालणाऱ्या, पेशींची नीट रांग असते. तिसरे गाठीच्या पेशींनी स्वतः घातलेले. इथे गुलाबी ऑस्टिऑइडची (अजून चुना न भरलेल्या हाडाची) जाळी थेट विद्रूप पेशींच्या मधून पसरते, कडेला रांग नसते, आणि पोकळीत अडकलेल्या पेशीही तितक्याच विद्रूप असतात. कूर्चेचेही तसेच. निळसर गरातल्या पोकळ्यांमध्ये मोठी, गडद, कधी दोन केंद्रकांची पेशी दिसते आणि त्या भागाच्या कडेला ती हळूहळू लांबट किंवा गोल मेलॅनोमा पेशींत मिसळत जाते. ही मिसळण्याची जागा शोधण्यात वेळ घालवावा. मेलॅनोमाचा भाग कधी कधी फार थोडा असतो, एखाद्या ब्लॉकपुरता. म्हणून गाठीतून शक्य तितके ब्लॉक बसवा असे आधी म्हटले.

आणि वरची त्वचा. तिच्या तळाच्या थरात वेड्यावाकड्या मेलॅनोसाइटांची एकामागून एक रांग, काही पेशी वरच्या थरांत चढलेल्या, असे दिसले तर वाद जवळपास मिटला. हाडाचा सार्कोमा त्वचेत अशी पेरणी करत नाही. अडचण अशी की गाठीच्या माथ्यावर त्वचा बहुतेकदा झडलेली असते. म्हणून व्रणाच्या काठापलीकडचे भाग पाहावेत, एकाच ब्लॉकचे खोल खोल काप घ्यावेत. माथ्यावरच्या रक्तस्रावामुळे लोहाचे तपकिरी कण साचतात आणि ते मेलॅनिनसारखे भासतात. पर्ल्स रंगणात लोह निळे होते, फोंटाना-मॅसन रंगणात मेलॅनिन काळे; दोन्ही करून पाहणे स्वस्तही आणि सोपेही. मेलॅनिन खरोखरच दाट असेल तर अँटिबॉडीचा तपकिरी रंग त्यात हरवतो. अशा वेळी लाल रंगद्रव्य वापरावे किंवा १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवून मेलॅनिन फिके करावे. ब्लीचने काप काचेवरून सुटतात, म्हणून चिकट लेपाच्या काचा घ्याव्यात आणि सोबत एक ज्ञात पॉझिटिव्ह नमुना त्याच ब्लीचमधून काढावा.

अँटिबॉडीच्या बाबतीत सर्वांत जास्त दिशाभूल एस-१०० या प्रथिनाची तपासणी करते. मेलॅनोमात तो पॉझिटिव्ह असतो हे सर्वांना पाठ असते. पण कूर्चेच्या साध्या पेशींतही तो पॉझिटिव्ह असतो आणि कॉन्ड्रोसार्कोमातही. म्हणजे कूर्चेच्या गाठीत एस-१०० आला तर त्यावरून कोणताच निष्कर्ष निघत नाही, ना या बाजूचा ना त्या बाजूचा. खरी मदत सॉक्स-१० ची. मेलॅनोमाच्या बहुतेक पेशींत, एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए या मेलॅनोसाइटांच्या इतर दोन खुणा हरवल्यावरही, तो केंद्रकात टिकून राहतो आणि हाडाच्या वा कूर्चेच्या सार्कोमात सहसा येत नाही. मागणी लिहिताना सॉक्स-९ आणि सॉक्स-१० यांची गल्लत करू नये; सॉक्स-९ कूर्चेत असतोच, त्याचा इथे उपयोग नाही. सॅटबी-२ (हाड घालणाऱ्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह आला म्हणून ऑस्टिओसार्कोमा ठरवणे हीदेखील मोठी चूक, कारण पेशीचे मूळ काहीही असो, ती हाड घालू लागली की सॅटबी-२ उमटू शकतो. पीआरएएमई ही मेलॅनोमाची आणखी एक खूण सोबत करावी, मात्र काही सार्कोमांतही तो येतो, म्हणून एकट्याच्या भरवशावर राहू नये. एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए हाड-कूर्चेच्या भागात निगेटिव्ह असणे हे मेलॅनोमाच्या विरोधात धरायचे नाही. शेजारच्या गोल पेशींच्या भागात ते मिळतात का ते पाहायचे.

निगेटिव्ह निकाल वाचण्याचीही एक रीत आहे. सॉक्स-१० साठी घरचा साक्षीदार त्वचा असलेल्या कापात सहसा असतोच: त्वचेच्या तळाचे साधे मेलॅनोसाइट, घामाच्या ग्रंथी आणि बारीक नसांच्या (मज्जातंतूंच्या) आवरणातल्या श्वान पेशी. त्या रंगल्या आणि गाठ रंगली नाही, तर निकाल खरा. त्याही कोऱ्या राहिल्या तर तपासणी झालीच नाही असे समजावे आणि अ‍ॅसिड न लागलेल्या ब्लॉकवर ती पुन्हा करावी. रिपोर्टमध्ये फक्त निगेटिव्ह असे लिहून साक्षीदाराचा उल्लेख न करणे आम्हाला मान्य नाही.

सॉक्स-१० पॉझिटिव्ह आला म्हणजे काम संपले, असेही नाही. घामाच्या ग्रंथींची मिश्र गाठ, म्हणजे कॉन्ड्रॉइड सिरिंगोमा, कूर्चेसारखा गर घालते आणि तिच्यातल्या मायोएपिथेलियल पेशी एस-१०० व सॉक्स-१० दोन्ही दाखवतात. तिचा घातक प्रकार हातापायांवरही होतो. तिथे नलिका शोधाव्यात, केराटिन आणि पी-६३ या प्रथिनांच्या तपासण्या कराव्यात. नसेच्या आवरणाच्या घातक गाठीतही हाड-कूर्चा होते आणि सॉक्स-१० ठिगळाठिगळांत येतो. त्या गाठी खोल, नसेला धरून असतात आणि त्यांच्यात केंद्रकातला एच३के२७एमई३ हा ठसा हरवलेला असू शकतो, पण काही मेलॅनोमांतही तो हरवतो, म्हणून वरच्या त्वचेचा पुरावा पुन्हा मोलाचा ठरतो. पायाच्या कंडऱ्यांजवळचा क्लिअर सेल सार्कोमा मेलॅनोमाच्या सगळ्या अँटिबॉडी दाखवतो. ईडब्ल्यूएसआर१ जनुकाची फेरजोडणी त्याला वेगळे काढते. निरुपद्रवी बाजूला बोटाची तंतू-अस्थी आभासी गाठ आहे. ती झपाट्याने वाढते, पेशी भरपूर, विभाजनेही दिसतात, पण केंद्रके विद्रूप नसतात. यूएसपी६ जनुकाची फेरजोडणी सापडली तर संशय उरत नाही. फ्रॅक्चर जुळताना तयार होणाऱ्या कॅलसमध्येही पेशींची दाटी असते, पण तंतू, कूर्चा, हाड असा क्रम लागतो. मेलॅनोमात हा क्रम नसतो.

हा सगळा खटाटोप नुसत्या नावासाठी नाही. ऑस्टिओसार्कोमा ठरला की मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिनची जड केमोथेरपी समोर येते. मेलॅनोमाला तिचा फारसा फायदा होत नाही. कॉन्ड्रोसार्कोमा म्हटले की शस्त्रक्रिया करून थांबले जाते आणि गाठीतल्या पेशी जिथे आधी पोहोचतात त्या पहिल्या लसीका ग्रंथीची तपासणी राहून जाते. २०११ पर्यंत पसरलेल्या मेलॅनोमाला देण्यासारखे फारसे नव्हते, तेव्हा ही चूक कदाचित तितकी महाग पडत नसे. त्या वर्षी अमेरिकेत इपिलिमुमॅब आणि वेमुराफेनिब या औषधांना परवानगी मिळाली, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅबला. आता चुकीच्या नावामुळे रुग्ण या उपचारांच्या रांगेतच उभा राहत नाही. रिपोर्टमध्ये मेलॅनोमा लिहिल्यावर ब्रेस्लो जाडी (गाठ त्वचेत किती खोल गेली याचे माप), व्रण आहे की नाही, कडा मोकळ्या आहेत का, हेही आलेच पाहिजे. नखाखाली जाडी मोजणे कठीण, कारण तिथे त्वचेचा कणीदार थर सहसा नसतो. कुठून मोजले ते लिहावे.

पुरावा अपुरा असेल तर रिपोर्टमध्ये तसे उघड लिहिण्यात कमीपणा नाही. ‘हाड वा कूर्चा घालणारी घातक गाठ, मेलॅनोमा वगळलेला नाही, काठावरच्या त्वचेसह पुन्हा बायोप्सी हवी’ हे वाक्य ‘ऑस्टिओसार्कोमा’ या एका शब्दापेक्षा रुग्णाच्या जास्त कामाचे आहे. शल्यचिकित्सकांनीही अशा रिपोर्टवर चिडू नये. फक्त बोट काढायचे की त्यामागच्या तळहाताच्या हाडासह अख्खी पट्टी, हा निर्णय त्यावर ठरणार असतो.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी दुसऱ्या मताला जाताना फक्त रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. मेणाचे ब्लॉक, सर्व स्लाइड, एक्स-रे आणि आधी कधी तीळ किंवा गाठ काढली असेल तर तिचा जुना रिपोर्ट, हे सगळे सोबत हवे. पंधरा वर्षांपूर्वी तळपायावरून काढलेल्या ‘साध्या’ गाठीचा कागद फुफ्फुसातल्या कूर्चेच्या गाठीचे कोडे सोडवू शकतो. नमुना अ‍ॅसिडमध्ये ठेवला होता का, अ‍ॅसिड न लागलेला ब्लॉक कोणता, सॉक्स-१० केला होता का, एवढे विचारायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

जनुक तपासणीला ब्लॉक पाठवताना हीच काळजी घ्यावी लागते. हातापायांच्या टोकांच्या मेलॅनोमात बीआरएएफ, एनआरएएस आणि केआयटी या तिन्ही जनुकांतले बदल शोधावे लागतात. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल सापडला तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या औषधांची जोडी, केआयटीतला ठरावीक बदल सापडला तर इमॅटिनिबचा विचार होतो. कडक अ‍ॅसिडमधून गेलेला ब्लॉक पाठवला तर ‘डीएनए अपुरा’ असे उत्तर येण्याची शक्यता मोठी. फक्त तसाच ब्लॉक उरला असेल तर बीआरएएफ व्ही६००ई साठीची अँटिबॉडी करून पाहता येते, मात्र तीही घरच्या साक्षीदारांची अवस्था पाहूनच वाचावी. त्यापेक्षा बाधित लसीका ग्रंथीचा नवा नमुना फॉर्मॅलिनमध्ये, अ‍ॅसिडविना, घेणे बरे.

आपले,
ऊती-तपासणीचे काम करणारे काही पॅथॉलॉजिस्ट